सेव्हरन्सचे पैसे रिटायरमेंटसाठी कसे वळवायचे आणि त्यावर टॅक्स किती बसतो

नोकरी गेली की पहिले काही दिवस डोकं ठिकाणावर नसतं आणि नेमकी त्याच दिवसांत एचआरची एक्सेल शीट मेलवर येते, यावर सही करून पाठवा म्हणून. मग सेव्हरन्सचा, म्हणजे नोकरी संपवल्याबद्दल कंपनी देते त्या भरपाईचा, एकदम मोठा आकडा बँकेत जमा होतो आणि घरात चर्चा सुरू होते, कुणी म्हणतं होम लोन फेडून टाक, कुणी म्हणतं एफडी कर, आणि कुणीतरी हमखास म्हणतं की सगळं पीएफमध्ये टाक, टॅक्सही वाचेल आणि म्हातारपणाची सोयही होईल. हा शेवटचा सल्ला ऐकायला सगळ्यात शहाणा वाटतो पण आपल्याकडे तो चालत नाही. पीएफमध्ये पैसे जातात ते पगारातून, कंपनीच्या चलनाने. सेव्हरन्स हा पीएफच्या हिशोबातला पगार नाही, आणि नोकरी सुटली की व्हीपीएफचा, म्हणजे पगारातून स्वतःहून पीएफमध्ये जादा टाकायचा, रस्ताही बंद होतो. म्हणजे सेव्हरन्स घेतला, थेट रिटायरमेंटच्या खात्यात टाकला आणि टॅक्स शून्य झाला, असा सरळ मार्ग भारतात नाहीच.

पण याचा अर्थ काहीच करता येत नाही असाही नाही. तीन ठिकाणी खरे पैसे वाचतात: शीटवरचा प्रत्येक आकडा योग्य नावाने बसवला तर, जे आधीच रिटायरमेंटसाठी साठलंय ते फोडलं नाही तर, आणि उरलेले पैसे योग्य क्रमाने वळवले तर. माझ्याकडे ओळखीतले बरेच जण अशी शीट घेऊन येतात आणि बहुतेकांचं लक्ष तिसऱ्या गोष्टीकडे असतं, कुठे गुंतवू सांग म्हणतात, पण मोठं नुकसान पहिल्या दोन ठिकाणी होऊन गेलेलं असतं. म्हणून सुरुवात शीटपासूनच करू.

एक आधी सांगून ठेवते, खाली कलमांचे नंबर १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत कारण एचआर आणि सीए अजून त्याच नंबरांनी बोलतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा, २०२५ चा आयकर कायदा लागू झालाय आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा रिटर्न भरताना नंबर शोधत बसू नका, सवलतीचं नाव बघा.

शीट आधी फोडून बघा

फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या, शीटवर एका बाजूला अर्निंग्ज आणि दुसऱ्या बाजूला डिडक्शन्स असतात. अर्निंग्जमध्ये उरलेल्या दिवसांचा पगार, नोटीस पे (नोटिशीच्या काळाऐवजी दिलेला पगार), लीव्ह एनकॅशमेंट (शिल्लक रजेचे पैसे), ग्रॅच्युइटी, बोनस आणि मग सेव्हरन्स किंवा एक्स ग्रेशिया (कंपनीने स्वखुशीने दिलेली रक्कम) अशा ओळी दिसायला हव्यात. प्रत्येक ओळीचा टॅक्स वेगळा आहे. एका ओळखीच्यांच्या शीटवर ग्रॅच्युइटी आणि एक्स ग्रेशिया मिळून एकच 'सेपरेशन पे' असा आकडा होता आणि त्या पूर्ण आकड्यावर टीडीएस कापलेला. बारा वर्षांहून जास्त नोकरी झालेला माणूस, ग्रॅच्युइटी कायद्यानेच त्याच्या हक्काची आणि ती पूर्ण करमुक्त बसत होती, पण वेगळी ओळ नाही म्हणून करपात्र धरली गेली. एचआरला मेल टाकल्यावर शीट बदलून आली. सही करण्याआधी हा मेल टाकला तर काम दोन दिवसांत होतं, नंतर फॉर्म १६ निघाला की तेच काम फार रखडतं. म्हणून शीट आली की लगेच सही करू नका, ब्रेकअप मागा, लेखी मागा.

ग्रॅच्युइटी: कायम नोकरीला सलग ५ वर्षं झाली असतील तर मिळते (ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नोव्हेंबर २०२५ च्या नव्या कामगार संहितांनंतर एका वर्षानेही). शेवटचा बेसिक अधिक डीए, त्याला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं आणि वर्षांनी गुणायचं. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त झाले असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात. बेसिक आणि डीए मिळून ८० हजार आणि नोकरी १२ वर्षं ७ महिने असेल तर १३ वर्षं धरून बरोबर ६ लाख होतात. ग्रॅच्युइटी कायद्याखाली येणाऱ्या खाजगी नोकरदाराला एवढी रक्कम करमुक्त, आणि कमाल मर्यादा २० लाख. ही २० लाखांची मर्यादा आयुष्यभराची आहे, आधीच्या कंपनीत ग्रॅच्युइटी करमुक्त घेतली असेल तर ती यातून वजा होते.

लीव्ह एनकॅशमेंट: नोकरीत असताना सुट्ट्या विकल्या तर पूर्ण टॅक्स, पण नोकरी सोडताना मिळालेल्या रकमेला सूट आहे. खाजगी क्षेत्रासाठी ही मर्यादा कितीतरी वर्षं ३ लाखांवर अडकली होती, १ एप्रिल २०२३ पासून ती २५ लाख झाली. प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, शेवटच्या १० महिन्यांच्या सरासरीने १० महिन्यांचा पगार, शिल्लक रजेची किंमत (वर्षाला जास्तीत जास्त ३० दिवस धरून) आणि २५ लाख, या चारांत जी सगळ्यात कमी ती करमुक्त. इथेही पगार म्हणजे बेसिक अधिक डीए, आणि मर्यादा आयुष्यभराचीच.

नोटीस पे: पूर्ण करपात्र, पगारासारखाच. यात काही करता येत नाही.

आता मुख्य गोष्ट, खुद्द सेव्हरन्स. नोकरी संपवल्याबद्दल मिळालेली भरपाई कायद्याच्या नजरेत 'पगाराऐवजी मिळालेला लाभ', कलम १७(३), म्हणजे स्लॅबप्रमाणे टॅक्स. याला दोन अपवाद आहेत आणि तुमची केस त्यात बसते का ते नीट तपासा.

पहिला अपवाद कामगार कपातीच्या भरपाईचा, कलम १०(१०बी). औद्योगिक कायद्याच्या व्याख्येनुसार तुम्ही 'कामगार' असाल तर प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार या हिशोबाने येणारी रक्कम, प्रत्यक्ष मिळालेली रक्कम आणि ५ लाख, यातलं सगळ्यात कमी ते करमुक्त. मॅनेजर किंवा अॅडमिनिस्ट्रेटिव्ह काम करणारे यात येत नाहीत. पदाच्या नावात मॅनेजर लिहिलंय म्हणून लगेच हार मानू नका आणि नाही लिहिलं म्हणून लगेच खुशही होऊ नका, प्रत्यक्ष काम काय करत होतात यावर ते ठरतं, आणि आयटीतल्या लोकांच्या बाबतीत यावर वाद आहेत, म्हणून इथे चांगल्या सीएचा किंवा कामगार वकिलाचा एक तास विकत घ्या, पैसे वसूल होतात.

दुसरा अपवाद व्हीआरएसचा म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा, कलम १०(१०सी), पुन्हा ५ लाखांपर्यंत आणि आयुष्यात एकदाच. यासाठी योजना नियम २बीए मध्ये बसायला हवी: १० वर्षं नोकरी किंवा वय ४० पूर्ण, योजना डायरेक्टर सोडून सगळ्या कर्मचाऱ्यांना खुली, रिकामी झालेली जागा परत भरायची नाही, आणि त्याच मॅनेजमेंटच्या दुसऱ्या कंपनीत तुम्ही रुजू व्हायचं नाही. आजकाल बऱ्याच लेऑफला 'व्हॉलंटरी सेपरेशन' असं नाव देतात, पण नाव तसं दिल्याने ही सूट मिळत नाही. योजनेच्या कागदावर ती या नियमाप्रमाणे आहे असा उल्लेख आहे का ते एचआरला थेट विचारा.

ग्रॅच्युइटी, लीव्ह, कपात भरपाई आणि व्हीआरएस या चारही सवलती नव्या रिजीममध्येसुद्धा (कमी दर पण कमी वजावटी असलेली नवी करप्रणाली) मिळतात. नव्या रिजीममध्ये काहीच सूट नाही असं एवढं डोक्यात बसलंय की लोक या विचारतच नाहीत. आणि समजा कंपनीने सूट न देता टीडीएस कापलाच, तरी रिटर्नमध्ये सूट क्लेम करून रिफंड घेता येतो, फक्त हिशोबाचा कागद आणि कंपनीचं ब्रेकअपचं पत्र हाताशी ठेवा.

कलम ८९ ची सवलत

एकाच वर्षात मोठी रक्कम आल्याने स्लॅब वर उडतो, त्यासाठी ही सवलत आहे आणि भरपाईच्या बाबतीत फार कमी जण ती वापरतात. अट अशी की त्या नोकरीत सलग किमान ३ वर्षं झालेली हवीत आणि नोकरीचा राहिलेला काळही किमान ३ वर्षांचा हवा, म्हणजे रिटायरमेंट अगदी तोंडावर असलेल्यांना नाही. हिशोब असा: भरपाईचे तीन समान भाग करायचे, मागच्या तीन वर्षांच्या उत्पन्नात एकेक भाग मिळवून प्रत्येक वर्षाचा सरासरी टॅक्सचा दर काढायचा, त्या तीन दरांची सरासरी घ्यायची, आणि यावर्षी भरपाईमुळे बसलेला सरासरी दर त्यापेक्षा जास्त असेल तर तेवढ्या फरकाची सूट. मागची तिन्ही वर्षं तुम्ही आधीच वरच्या स्लॅबमध्ये असाल तर हाती फार काही लागत नाही, पण पगार मध्यम आणि सेव्हरन्स मोठा असेल तर चांगला फरक पडतो. कुठल्याही परिस्थितीत आकडे एकदा घालून बघाच.

त्यासाठीचा फॉर्म, जो आपण १०ई म्हणून ओळखतो, तो पोर्टलवर रिटर्नच्या आधी भरायचा असतो. रिटर्नमध्ये सवलत टाकली आणि फॉर्म भरलाच नाही तर प्रोसेसिंगमध्ये ती सरळ नाकारली जाते आणि डिमांड येते. आणखी एक, व्हीआरएसची ५ लाखांची सूट घेतली तर त्याच पैशांवर ८९ मिळत नाही, दोन्हींपैकी एक निवडायचं.

वर्ष कुठलं धरायचं

पगाराच्या सदरातलं उत्पन्न देय झालं किंवा हातात आलं, यातलं जे आधी होईल त्या वर्षात धरतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये नोकरी जात असेल तर सेपरेशनच्या करारात रक्कम देय कधी होते ते वाक्य वाचा. वर्षभराच्या पगाराने उत्पन्न आधीच २४ लाखांच्या वर गेलं असेल तर नव्या रिजीममध्ये सेव्हरन्सवर ३० टक्के आणि त्यावर उपकर, म्हणजे ३१.२ टक्के जातात. करारातच शेवटचा दिवस आणि रक्कम देय होण्याची तारीख एप्रिलमध्ये असेल तर तीच रक्कम पुढच्या वर्षात जाते, जिथे तुम्हाला काही महिने पगारच नसण्याची शक्यता असते. हे सही करण्याआधी बोलायचं. सही झाल्यावर, रक्कम मार्चमध्ये देय असताना 'मला एप्रिलमध्ये ट्रान्सफर करा' म्हणून उपयोग नाही, कारण देय तर मार्चमध्येच झालेली असते.

एनपीएसमध्ये टाकून टॅक्स वाचवू का?

एनपीएस म्हणजे नॅशनल पेन्शन सिस्टीम, आणि हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून आकड्यांत बघू. समजा सप्टेंबरअखेर नोकरी गेली, सहा महिन्यांचा करपात्र पगार १२ लाख आणि करपात्र सेव्हरन्स १० लाख, एकूण २२ लाख, आणि त्या आर्थिक वर्षात दुसरं काही उत्पन्न नाही.

नवी रिजीम, २०२५-२६ चे स्लॅब: ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन गेल्यावर २१.२५ लाख, टॅक्स २,३१,२५० आणि ४ टक्के उपकर धरून २,४०,५००.

जुनी रिजीम: ५० हजार स्टँडर्ड डिडक्शन, ८०सी चे (पीएफ, पीपीएफ, विमा वगैरेंच्या वजावटीचे) दीड लाख पूर्ण आणि एनपीएसचे जादा ५० हजार, म्हणजे कलम ८०सीसीडी(१बी), हे सगळं वजा केलं की १९.५० लाख उरतात, टॅक्स ३,९७,५०० आणि उपकरासह ४,१३,४००.

म्हणजे एनपीएसची वजावट मिळावी म्हणून जुन्या रिजीममध्ये गेलात तर १,७२,९०० रुपये जास्त भराल. या उदाहरणात जुनी रिजीम परवडायला स्टँडर्ड डिडक्शन धरून एकूण साधारण ८ लाखांच्या वजावटी लागतील, मोठा एचआरए आणि होम लोनचं व्याज असेल तरच ते जमतं. तेव्हा सेव्हरन्स मिळालेल्या वर्षी 'टॅक्स वाचवायला' म्हणून घाईघाईत मार्चमध्ये एनपीएस आणि पॉलिसी घेऊ नका. पॉलिसी तर अजिबात नको, पुढच्या वर्षी हप्ता भरायला पगार असेल की नाही तेच माहीत नसताना वीस वर्षांचं बंधन गळ्यात कशाला. रिटायरमेंटसाठी पैसे नक्की टाका, पण ते रिटायरमेंटसाठी म्हणून टाका, यावर्षीच्या वजावटीसाठी नको.

याच उदाहरणात अजून एक गोष्ट दिसते. सेव्हरन्स नसता तर १२ लाखांवर नव्या रिजीममध्ये रिबेटमुळे टॅक्स शून्य होता. म्हणजे १० लाखांतले २.४ लाख हे टॅक्सचे आहेत, ते तुमचे नाहीत, आणि कंपनीने टीडीएस कमी कापला असेल तर तेवढे बाजूला काढूनच पुढचं प्लॅनिंग करा.

पीएफला हात लावू नका

खरं सांगायचं तर रिटायरमेंटच्या दृष्टीने ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. सेव्हरन्स बँकेत आलेला असतानाही लोक पीएफ काढतात, नोकरी गेली की पीएफ काढायचाच असतो असं समजून. आणि तो पैसा एकदा बाहेर आला की परत तिथे टाकायची सोयच नाही. ८.२५ टक्के व्याज देणारं खातं (२०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांचा दर हाच होता), तेही जवळपास सरकारी भरवशावर, ते मोडून एफडी करायची आणि तिच्या व्याजावर स्लॅबने टॅक्स भरायचा, यात काय मिळवलं?

सलग ५ वर्षं व्हायच्या आत काढला तर पीएफ करपात्र होतो, ५० हजारांवर टीडीएसही कापतात. जुन्या कंपनीचा पीएफ ट्रान्सफर केला असेल तर ती वर्षंही यात धरतात, म्हणून आधी जुनी खाती एका यूएएनखाली, म्हणजे पीएफच्या तुमच्या कायमच्या क्रमांकाखाली, आणा. आणि एक बारीक पण महत्त्वाचं, आजारपण, कंपनीचा धंदा आक्रसणं किंवा बंद पडणं, किंवा तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने नोकरी गेली असेल तर ५ वर्षांच्या आत काढलेला पीएफसुद्धा करमुक्त राहतो. हा नियम लेऑफ झालेल्यांच्याच कामाचा आहे, फक्त रिलीव्हिंग लेटरवर 'रेझिग्नेशन' लिहिलेलं असेल तर तो वापरणं अवघड होतं. कंपन्या राजीनामा लिहून घेतात, पुढच्या नोकरीला बरं दिसेल म्हणतात. शक्य असेल तर निदान एका पत्रात तरी कपातीमुळे नोकरी संपली असा उल्लेख मागून घ्या.

पैसे न काढता खातं तसंच ठेवलं तर व्याज मिळत राहतं, पण नोकरी सुटल्यानंतरच्या काळातलं व्याज करपात्र धरतात, ते रिटर्नमध्ये दाखवा. नवी नोकरी लागली की ट्रान्सफर करा. त्यासाठी जुन्या कंपनीने तुमची 'डेट ऑफ एक्झिट' टाकलेली असली पाहिजे, सगळं घोडं तिथेच अडतं. पीएफच्या (ईपीएफओच्या) पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरीत बघा, रकाना रिकामा असेल तर एचआरच्या मागे लागा, आणि तरी होत नसेल तर शेवटचं काँट्रिब्यूशन जमा झाल्यावर दोन महिन्यांनी 'मॅनेज' खालच्या 'मार्क एक्झिट' मधून आधार ओटीपीने स्वतः टाकता येते. तारीख आणि कारण नीट बघून भरा.

अगदीच गरज पडली तर? ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने बेरोजगारीत ७५ टक्के लगेच आणि पूर्ण रक्कम १२ महिन्यांनी, असा निर्णय घेतला. काढायचेच असतील तर आजारपण किंवा घर चालवायला म्हणून, लागेल तेवढेच काढा. ईपीएसच्या (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेच्या) पेन्शनची १० वर्षं झाली नसतील तर ती रक्कमही मोडू नका, स्कीम सर्टिफिकेट घ्या म्हणजे पुढच्या नोकरीची वर्षं त्यात मिळवता येतात.

कंपनीत सुपरअॅन्युएशन फंड, म्हणजे कंपनीने निवृत्तीसाठी काढलेला वेगळा फंड, असेल तर तिथे मात्र खरोखर एक थेट रस्ता आहे. मान्यताप्राप्त सुपरअॅन्युएशन फंडातून एनपीएसमध्ये एकदाच केलेली ट्रान्सफर करमुक्त आहे, आणि ती त्या वर्षाचं काँट्रिब्यूशन धरत नाहीत म्हणून तिच्यावर वजावटही नाही. ही नोकरी असतानाच, कंपनीमार्फत करावी लागते, त्यामुळे नोटीस पीरियडमध्येच विषय काढा.

मग पैसे वळवायचे कसे

टॅक्स बाजूला काढला, आता घर चालवायचे पैसे बाजूला काढा. वय चाळिशीच्या पुढे असेल तर नवी नोकरी लागायला वेळ लागतो हे मनाशी धरून किमान एक वर्षाचा खर्च, ईएमआयसह, स्वीप इन एफडी किंवा लिक्विड फंडात. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो, त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, तिची मुदत आणि हप्ता लगेच विचारा. या दोन गोष्टी न करता रिटायरमेंटच्या खात्यात पैसे लॉक केले तर सहा महिन्यांनी क्रेडिट कार्डावर घर चालवायची वेळ येते.

त्यानंतर उरलेल्यासाठी, पीपीएफ. आर्थिक वर्षाला दीड लाखच टाकता येतात, पण वर्ष एप्रिलला बदलतं, म्हणून मार्चअखेर दीड लाख आणि ५ एप्रिलच्या आत पुन्हा दीड लाख असे आठवड्याभरात ३ लाख जातात. नवरा-बायको दोघांची खाती असतील तर ६ लाख. दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आणि व्याज कुठल्याही रिजीममध्ये करमुक्त. जुनं खातं असेल आणि १५ वर्षं संपत आली असतील तर फारच छान, कारण लॉक इन जवळजवळ संपलेलं असतं.

एनपीएसच्या टियर वनमध्ये, म्हणजे मुख्य पेन्शन खात्यात, रकमेला वरची मर्यादा नाही, म्हणून मोठी रक्कम वळवायला जागा खरी इथेच. आता घाई का नको ते सांगते. ६० च्या आधी बाहेर पडायचं म्हटलं तर सहसा ८० टक्के रकमेची अॅन्युइटी (विमा कंपनीकडून आयुष्यभराचं पेन्शन) घ्यावी लागते, आणि मधे काढता येतात ते स्वतःच्या काँट्रिब्यूशनच्या २५ टक्क्यांपर्यंत, तेही तीन वर्षांनंतर आणि ठरावीक कारणांसाठीच. ६० नंतर चित्र बरंच सुधारलंय, डिसेंबर २०२५ च्या बदलानंतर खाजगी लोकांना २० टक्क्यांचीच अॅन्युइटी सक्तीची राहिली, पूर्वी ती ४० टक्के होती. मात्र आयकराची सूट ६० टक्क्यांपर्यंतच्या एकरकमी रकमेला आहे, आणि अॅन्युइटीचं मासिक उत्पन्न स्लॅबने करपात्र. म्हणून नवी नोकरी लागेपर्यंत इथे किमान रक्कम टाकून खातं चालू ठेवा, मोठी रक्कम नंतर.

वय ५५ ते ६० मध्ये असेल तर सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम आधी बघा. ही एरवी ६० नंतरची, पण ५५ च्या पुढे नोकरीतून निवृत्त झालेल्यांना, 'सुपरअॅन्युएशन किंवा अन्यथा' असं नियमातच आहे, रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत उघडता येते. आधी ही मुदत एकच महिना होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये वाढवली. पैसे रिटायरमेंटच्या लाभांतलेच हवेत, पीएफ, ग्रॅच्युइटी, लीव्ह एनकॅशमेंट, एक्स ग्रेशिया वगैरे, आणि त्याचं कंपनीचं सर्टिफिकेट बँक किंवा पोस्ट मागतं. मर्यादा ३० लाख. एप्रिल २०२३ मध्ये दर ८.२ टक्के झाला, उघडताना जो दर असेल तो ५ वर्षं कायम. ८.२ ने पूर्ण ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. व्याज करपात्र आहे पण दुसरं उत्पन्न कमी असेल तर नव्या रिजीममध्ये त्यावर काहीच बसत नाही. तीन महिने बघता बघता जातात, तारीख कॅलेंडरवर टाका.

आता जो मार्ग मला सगळ्यात पटतो तो. नवी नोकरी लागली की ऑफर लेटर फायनल व्हायच्या आधी सीटीसीमध्ये कंपनीचं एनपीएस काँट्रिब्यूशन मागा. नव्या रिजीममध्ये बेसिक अधिक डीएच्या १४ टक्क्यांपर्यंत ते करपात्र उत्पन्नातून वजा होतं, कलम ८०सीसीडी(२), आणि ही नव्या रिजीममधली रिटायरमेंटची एकमेव मोठी वजावट. बेसिक १ लाख असेल तर महिना १४ हजार, वर्षाला १,६८,०००, आणि ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये त्यावर उपकरासह सुमारे ५२ हजार टॅक्स दरवर्षी वाचतो. सोबत व्हीपीएफही वाढवा, फक्त पीएफमधला तुमचा स्वतःचा हिस्सा वर्षाला अडीच लाखांच्या वर गेला की वरच्या रकमेचं व्याज करपात्र होतं तेवढं लक्षात ठेवा. हातात येणारा पगार यामुळे कमी होतो, आणि तो खड्डा बँकेतल्या सेव्हरन्सने भरायचा. म्हणजे घरखर्च सेव्हरन्समधून आणि पगार रिटायरमेंटच्या खात्यात. थेट जे करता येत नाही ते असं दोन-तीन वर्षांत होतं, आणि एनपीएसच्या वाट्यावर टॅक्सही वाचतो. नोटीस पीरियड अजून चालू असेल आणि पगार येत असेल तर हेच आत्ता मागा, दोन-तीन महिन्यांचं का होईना.

नव्या कंपनीला जुन्या पगाराचा आणि सेव्हरन्सचा तपशील द्या, आपण ज्याला फॉर्म १२बी म्हणत आलोय तो. कमीपणा वाटतो म्हणून किंवा आधीचा पगार कळू नये म्हणून बरेच जण देत नाहीत, मग नवी कंपनी स्टँडर्ड डिडक्शन आणि खालचे स्लॅब पुन्हा पहिल्यापासून लावते, टीडीएस कमी कापला जातो आणि जुलैमध्ये लाख-दीड लाखाची बाकी व्याजासकट समोर येते. द्यायचाच नसेल तर फरक स्वतः अॅडव्हान्स टॅक्स म्हणून भरत राहा. रिटर्न भरण्याआधी आयकर पोर्टलवरच्या एआयएस आणि २६एएस या उत्पन्न आणि टीडीएसच्या पत्रकांमध्ये दोन्ही कंपन्यांचा टीडीएस आलाय का बघा, आणि जुनी रिजीम घ्यायची असेल तर ३१ जुलैच्या मुदतीतच रिटर्न भरा, उशीर झाला की त्या वर्षासाठी नवीच लागू होते.